ब्रोका यांनी नाकाला दिलेला दुय्यम दर्जा

पॉल ब्रोका हे नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना माहीत असते ते वाचेच्या केंद्रामुळे. १८६१ मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात त्यांच्याकडे आलेल्या एका रुग्णाला बोललेले समजे, पण त्याच्या तोंडून ‘तां’ एवढाच उच्चार निघे. काही दिवसांतच तो दगावला. शवविच्छेदनात त्याच्या मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात, पुढच्या खंडाला इजा झालेली दिसली. त्या जागेला आज ब्रोका यांचेच नाव आहे. वासाविषयीचे त्यांचे काम त्यामानाने विस्मरणात गेले, पण त्यातून निघालेला गैरसमज शंभराहून अधिक वर्षे टिकला.

ब्रोका यांचा जन्म १८२४ मध्ये फ्रान्समधील बोर्दोजवळच्या सेंट-फ्वा-ला-ग्रांद या गावी झाला. ते पॅरिसमध्ये शल्यचिकित्सक झाले आणि १८५९ मध्ये त्यांनी तिथे मानववंशशास्त्राची संस्था स्थापन केली. कवट्या आणि मेंदू मोजण्याचा त्यांना नाद होता. आकारावरून कुवत ठरवण्याच्या या सवयीतून त्यांनी वंशांविषयी आणि स्त्रियांविषयी काढलेले निष्कर्ष पुढे साफ चुकीचे ठरले. नाकाच्या बाबतीतही तेच घडले.

१८७८ मध्ये त्यांनी सस्तन प्राण्यांच्या मेंदूच्या आतल्या काठाला असलेल्या कड्यासारख्या भागाचे वर्णन केले आणि लॅटिनमधील ‘कड’ या अर्थाच्या शब्दावरून त्याला ‘लिम्बिक’ खंड म्हटले. तीक्ष्ण नाकाच्या प्राण्यांत हा भाग ठळक दिसे, म्हणून त्याचा संबंध त्यांनी वासाशी जोडला. (त्याचा बराचसा भाग भावना व स्मृतीशी निगडित असल्याचे नंतर कळले.) माणसात वासाचे संदेश प्रथम स्वीकारणारा घ्राणकंद एकूण मेंदूच्या मानाने लहान, तर पुढचा खंड मोठा. त्यावरून माणूस वासाच्या ओढीतून सुटून स्वतंत्र बुद्धीने वागू लागला, असे त्यांनी मांडले आणि त्याला मंद घ्राणशक्तीच्या प्राण्यांत बसवले. हे ठरवताना कुणाच्या नाकाची परीक्षा घेतलेली नव्हती! १८८० मध्ये, वयाच्या ५६व्या वर्षी ब्रोका वारले. त्यांचे मत पाठ्यपुस्तकांतून चालत राहिले.

२०१७ मध्ये अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाचे जॉन मॅकगॅन यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात या समजुतीचा समाचार घेतला. माणसाचा घ्राणकंद प्रत्यक्ष मापाने उंदराच्या कंदापेक्षा मोठा आहे आणि त्यातील चेतापेशींची संख्या इतर सस्तन प्राण्यांच्या तुलनेत कमी नाही. दृष्टी व श्रवणाचे संदेश आधी थॅलॅमस या मधल्या ठाण्यावर थांबतात. वासाचे संदेश मात्र घ्राणकंदातून थेट वास ओळखणाऱ्या पिरिफॉर्म भागाकडे, भीती-आवडीशी संबंधित अमिग्डलाकडे आणि हिप्पोकॅम्पस या स्मृतिकेंद्राच्या उंबरठ्याशी पोहोचतात. वास हवासा की नकोसा, हे पुढे डोळ्यांच्या वरच्या बाजूला असलेल्या भागात ठरते. हा भाग पुढच्या खंडातच येतो, म्हणजे ज्या खंडाने माणसाला वासापासून सोडवले असे ब्रोका मानत, त्याच खंडात!

पार्किन्सन्सच्या अनेक रुग्णांत हात थरथरू लागण्याच्या काही वर्षे आधीच वास येणे कमी झालेले असते. तरीही नेहमीच्या तपासणीत डोळे आणि कान पाहिले जातात, वासाची चाचणी क्वचितच होते.