हिशेब मागणारा प्राध्यापक : गोपाळ कृष्ण गोखले

बंगळुरूच्या बसवनगुडी भागात बुल टेंपल रस्त्यावर एक जुनी संस्था आहे. तिचे नाव गोखले इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक अफेअर्स. कन्नड कवी, पत्रकार आणि म्हैसूर विधान परिषदेचे सदस्य डी. व्ही. गुंडप्पा यांनी ती 1945 मध्ये स्थापन केली. सामान्य नागरिकाला सार्वजनिक कारभाराचे शिक्षण मिळावे, हा तिचा हेतू. 'मंकुतिम्मन कग्ग' या काव्यामुळे घराघरांत पोहोचलेल्या या कन्नड साहित्यिकाने आपल्या संस्थेला नाव दिले, ते कोकणात जन्मलेल्या आणि पुण्यात वाढलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांचे.

या नावाची आठवण आज व्हावी, असे एक कारण त्याच शहरात आहे. बंगळुरू महापालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत सप्टेंबर 2020 मध्ये संपली. त्यानंतर लागोपाठ पाच वर्षांचे अर्थसंकल्प लोकप्रतिनिधींविना मंजूर झाले. सप्टेंबर 2025 मध्ये त्या महापालिकेच्या जागी पाच नव्या महापालिका आल्या. मुंबई आणि पुणे येथेही मार्च 2022 नंतर काही वर्षे प्रशासकांचाच कारभार होता. कर भरायचा, परंतु त्याच्या खर्चावर मत देणारा आपला प्रतिनिधी सभागृहात नाही, ही स्थिती या शहरांतील रहिवाशांनी अनुभवली.

गोखले यांचे सारे सार्वजनिक आयुष्य अशाच स्थितीत गेले. ज्या कायदेमंडळात त्यांनी आपली गाजलेली अर्थसंकल्पीय भाषणे केली, तेथे अर्थसंकल्पावर मतदान करण्याचा अधिकार सदस्यांना नव्हता. तरीही त्यांनी आकड्यांच्या बळावर सरकारला उत्तर देणे भाग पाडले.

आठ रुपयांचे शिक्षण

गोखले यांचा जन्म 9 मे 1866 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कोल्हापूर संस्थानातील कागल येथे नोकरीस होते. 1879 मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा गोपाळराव तेरा वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडले आणि दरमहा पंधरा रुपयांची नोकरी पत्करली. त्यातील आठ रुपये ते कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवीत. एका रुपयाचा हिशेब चुकला तर घरात काय होते, हे गोखले यांना लहान वयातच उमगले.

कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज असा प्रवास करून 1884 मध्ये ते पदवीधर झाले. गणित हा त्यांचा आवडता विषय होता. पुढे त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पाठ्यपुस्तक अनेक वर्षे शाळांतून वापरले गेले. सरकारी नोकरी किंवा वकिली यांकडे न वळता ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य बनले. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी, गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र शिकविले. 1902 मध्ये ते या सेवेतून निवृत्त झाले.

रानडे यांची शाळा

महाविद्यालयातील अध्यापन सुरू असतानाच गोखले यांचे स्वतःचे शिक्षण न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याकडे सुरू झाले. पुण्याची सार्वजनिक सभा 1870 मध्ये स्थापन झाली होती. सभेच्या त्रैमासिकाचे संपादन गोखले यांच्याकडे आले. सरकारी अहवाल, जमाबंदीची कागदपत्रे आणि खर्चाची परिशिष्टे वाचून त्यांतून निवेदने तयार करणे, हे काम रानडे त्यांच्याकडून कसोशीने करून घेत. एखाद्या निवेदनाला सरकारकडून उत्तर येईलच असे नव्हते. परंतु अशा कामातून लोकांचे शिक्षण होते, अशी रानडे यांची धारणा होती.

या वाटचालीत रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी यांचे साह्य मोलाचे ठरले. जोशी हे सरकारी शाळेतील शिक्षक. महसूल, लष्करी खर्च आणि चलन यांच्या आकडेवारीवर त्यांचे विलक्षण प्रभुत्व होते. गोखले यांच्या पुढील काळातील अनेक भाषणांमागे जोशी यांनी काढलेली टिपणे होती. सभागृहात एकटे उभे राहणारे गोखले प्रत्यक्षात अशा अभ्यासकांच्या परंपरेतून आले होते.

एका माफीचा धडा

1897 मध्ये भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले लंडनला गेले. वय अवघे तीस. दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि जी. सुब्रमण्य अय्यर हेही साक्षीदार होते. लष्करावरील वाढता खर्च, मोठ्या पगाराच्या जागांवरील युरोपीय अधिकारी आणि करदात्याच्या हाती नसलेले नियंत्रण या मुद्द्यांवर गोखले यांनी दिलेली साक्ष उलटतपासणीतही टिकली.

त्याच मुक्कामात एक दुर्दैवी प्रसंग घडला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे पुण्याहून आलेल्या पत्रांत लिहिले होते. त्या पत्रांवर विसंबून गोखले यांनी इंग्लंडमध्ये जाहीर आरोप केला. भारतात परतल्यावर मात्र पुराव्यानिशी पुढे येण्यास कोणी तयार होईना. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड करणे म्हणजे त्यांना संकटात लोटणे होते. अखेरीस गोखले यांनी बिनशर्त माफी मागितली. त्यांच्यावर देशभरातून टीकेचा भडिमार झाला. आपले सार्वजनिक जीवन संपले, असे वाटावे इतका हा आघात मोठा होता.

या प्रसंगानंतरची त्यांची भाषणे वाचली, तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. त्यांतील टीकेला सरकारच्याच हिशेबवह्यांचा आधार असतो. प्रतिपक्षाने छापलेले आकडे घ्यायचे आणि त्यांतून प्रतिपक्षाला अडचणीचा निष्कर्ष काढून दाखवायचा, ही त्यांची पद्धत बनली.

शिल्लक कोणाची?

मुंबई प्रांताच्या कायदेमंडळातील कामगिरीनंतर गोखले केंद्रीय कायदेमंडळात निवडून गेले. 26 मार्च 1902 रोजी कलकत्त्यात त्यांनी अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. व्हाइसरॉयपदी लॉर्ड कर्झन होते. सरकारच्या तिजोरीत सलग काही वर्षे शिल्लक पडत होती आणि ती देशाच्या भरभराटीची खूण म्हणून मांडली जात होती.

गोखले यांनी हे गृहीतकच तपासले. रुपयाचा भाव 1894-95 च्या सुमारास तेरा पेन्सच्या आसपास उतरला होता. इंग्लंडमध्ये पौंडात द्यायच्या रकमांसाठी त्यामुळे अधिक रुपये लागत. रुपयाच्या या घसरणीच्या काळात मिठावरील कर 1888 मध्ये मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये करण्यात आला होता. पुढे रुपया सोळा पेन्सवर स्थिरावला, सरकारचा बोजा हलका झाला. परंतु वाढविलेले कर तसेच राहिले. शिल्लक पडत होती ती यामुळे. याच काळात 1896-97 आणि 1899-1900 या वर्षांत देशाने दोन भीषण दुष्काळ सोसले होते. लोक उपाशी असताना तिजोरी भरत असेल, तर ती शिल्लक गरजेपेक्षा अधिक वसूल केलेल्या कराची आहे, असे त्यांनी दाखवून दिले.

मिठावरील कर कमी करावा आणि प्राप्तिकराची किमान मर्यादा पाचशे रुपयांवरून एक हजार रुपये करावी, अशा त्यांच्या मागण्या होत्या. पुढच्याच वर्षी, 1903 मध्ये, दोन्ही गोष्टी घडल्या. मिठावरील कर मणामागे दोन रुपये झाला. 1905 मध्ये तो दीड रुपया आणि 1907 मध्ये एक रुपया झाला. कर उतरल्यावर मिठाचा खप वाढला. गरीब माणूस महागाईमुळे मीठसुद्धा पोटभर खात नव्हता, हे त्यावरून सिद्ध झाले. मतदानाचा अधिकार नसलेल्या एका सदस्याने मांडलेल्या हिशेबाचा हा परिणाम देशातील प्रत्येक घरापर्यंत पोहोचला.

कर्जाबाबतही त्यांची भूमिका स्पष्ट होती. रेल्वे आणि पाटबंधारे यांसाठी काढलेले कर्ज उत्पन्न देते. अनुत्पादक कर्ज त्या मानाने थोडे आहे, असा भेद ते करीत. त्यामुळे दरवर्षीची शिल्लक रेल्वेच्या बांधकामात किंवा कर्जफेडीत घालण्यापेक्षा ती शिक्षण, आरोग्य आणि स्थानिक संस्था यांच्याकडे वळवावी, असा त्यांचा आग्रह होता. पुढच्या पिढ्यांना लाभ देणाऱ्या कामाचा सारा भार आजच्या करदात्याने उचलणे त्यांना अन्यायाचे वाटे.

नगरपालिका ते ग्रामपंचायत

गोखले यांचा संबंध केवळ देशाच्या तिजोरीशी नव्हता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष होते. लॉर्ड रिपन यांनी 1882 मध्ये स्थानिक स्वराज्याचा ठराव केला होता. त्याला पंचवीस वर्षे होत आली, तरी नगरपालिका आणि लोकल बोर्डे यांच्याकडे कर्तव्ये अनेक आणि उत्पन्न तुटपुंजे, अशी अवस्था होती. 1908 मध्ये विकेंद्रीकरण आयोगापुढे साक्ष देताना गोखले यांनी गावपातळीवर पंचायती, शहरांत अधिक स्वायत्त नगरपालिका आणि जिल्हाधिकाऱ्याला सल्ला देणारी जिल्हा मंडळे अशी योजना मांडली. कारभार लोकांच्या जवळ आला, तर त्यावर लोकांची नजर राहील, हा त्यामागील विचार होता.

हरलेले विधेयक

गोखले करांचे सरसकट विरोधक नव्हते, हे त्यांच्या सर्वांत महत्त्वाच्या प्रयत्नातून दिसते. 16 मार्च 1911 रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलांचे शिक्षण आपल्या हद्दीत सक्तीचे करण्याचा अधिकार नगरपालिका आणि लोकल बोर्डे यांना द्यावा, अशी त्यात तरतूद होती. त्यासाठी या संस्थांना विशेष शिक्षण कर बसविता यावा आणि खर्चाचा एक-तृतीयांश भाग स्थानिक संस्थेने, तर दोन-तृतीयांश भाग सरकारने उचलावा, अशी विभागणी होती. महिना दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या पालकांकडून फी घेऊ नये, असेही त्यात होते.

मिठावरचा कर कमी करा म्हणणारा हाच माणूस शाळेसाठी नवा कर बसवा म्हणत होता. कर भरणाऱ्याच्या मुलाला त्या पैशातून शाळा मिळत असेल, तर तो भार योग्य आहे, अशी त्यांची धारणा होती. परंतु सरकारने खर्चाची सबब पुढे केली, नव्या कराच्या भीतीने काही भारतीय सदस्यही विरोधात गेले. मार्च 1912 मध्ये विधेयक 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळले गेले. निकाल काय लागणार, हे गोखले यांना ठाऊक होते. तरी त्यांनी चर्चा अखेरपर्यंत लढविली.

अखेरची वर्षे

1905 मध्ये बनारस येथील काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद गोखले यांनी भूषविले. त्याच वर्षी 12 जून रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. 1912 मध्ये ते दक्षिण आफ्रिकेला गेले. तेथे करार संपलेल्या भारतीय मजुरांवर वर्षाला तीन पौंडांचा कर होता. मोहनदास गांधी त्यांच्या दौऱ्यात सोबत होते. हा कर रद्द होईल, अशी आशा गोखले यांना तेथील मंत्र्यांच्या भेटीत वाटली होती. ती फोल ठरल्यावर 1913 चा सत्याग्रह झाला आणि 1914 मध्ये कर रद्द झाला.

अतिश्रमाने आणि मधुमेहाने त्यांचे शरीर खचले होते. 19 फेब्रुवारी 1915 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय होते अठ्ठेचाळीस. राजकारणात ज्यांच्याशी त्यांचे आयुष्यभर तीव्र मतभेद राहिले, ते लोकमान्य टिळक अंत्यसंस्कारास उपस्थित होते आणि त्यांनी गोखले यांना आदरांजली वाहिली.

विचारावेत असे तीन प्रश्न

हरलेले विधेयक पुढे वेगळ्या रूपांनी परत आले. बंगळुरू ज्या म्हैसूर संस्थानात होते, तेथे विश्वेश्वरय्या दिवाण असताना 1913 मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. मुंबई प्रांतात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने 1918 मध्ये नगरपालिकांना तसा अधिकार मिळाला. स्वतंत्र भारतात शिक्षणहक्काचा कायदा 2009 मध्ये संमत झाला.

बंगळुरूतही नागरिकांनी हिशेब मागण्याची परंपरा निर्माण केली आहे. 2000 मध्ये तेथे मालमत्ता कराची स्वयंआकारणी सुरू झाली. 2002 पासून काही नागरिक संघटनांनी महापालिकेची तिमाही जमाखर्चाची पत्रके मागवून त्यांचे जाहीर वाचन सुरू केले. पुढच्या दशकात महापालिकेने कर्जासाठी शहरातील काही जुन्या मंडया आणि इमारती तारण ठेवल्या, तेव्हा त्याचीही चर्चा झाली.

अशा प्रत्येक रहिवाशाला गोखले यांच्या भाषणांतून तीन प्रश्न घेता येतील. शिल्लक दाखविली आहे, ती काटकसरीची की जादा वसुलीची आणि न केलेल्या कामांची? कर्ज काढले आहे, ते उत्पन्न किंवा टिकाऊ सोय देणाऱ्या कामासाठी, की रोजचा खर्च भागविण्यासाठी? आणि कर बसविला आहे, त्याचा भार कोणावर पडतो व त्याला त्या बदल्यात काय मिळते? हे प्रश्न विचारण्यासाठी सभागृहात जागा असावी लागत नाही. अर्थसंकल्पाची छापील प्रत मिळवून ती शेवटच्या पानापर्यंत वाचण्याची तयारी मात्र लागते.