मुलींनी नाचणं कमीपणाचं मानलं जायचं, तेव्हा पुण्यात कथकची शाळा काढणाऱ्या रोहिणी भाटे

आज पुण्यात घुंगरांची पिशवी घेऊन क्लासला निघालेली मुलगी दिसली, तर कुणी वळूनही बघत नाही. १९४७ साली मात्र चित्र वेगळं होतं. मध्यमवर्गीय घरातल्या मुलीनं पायात घुंगरू बांधले की घराची अब्रू गेली, असं मानणारे लोक भरपूर होते. त्याच वर्षी विशीतल्या रोहिणी भाटे यांनी पुण्यात कथक शिकवणारी 'नृत्यभारती' ही संस्था सुरू केली.

त्यांचा जन्म १४ नोव्हेंबर १९२४ चा, पाटण्यातला. शिक्षण पुण्यात झालं. १९४६ साली फर्ग्युसन कॉलेजातून त्या पदवीधर झाल्या. आधी पार्वतीकुमार यांच्याकडे भरतनाट्यम आणि मग सोहनलाल यांच्याकडे कथक, अशी त्यांची सुरुवात झाली. पुढे लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर या दोन गुरूंकडे त्या कित्येक वर्षं शिकत राहिल्या. म्हणजे एकीकडे शिकवणं चालू आणि दुसरीकडे स्वतःचं शिकणंही चालू.

आता मुद्दा असा की, कथकमध्ये पायच वाद्य होतात. टॅप डान्समध्ये बुटाच्या तळाची पत्र्याची पट्टी वाजते, तर इथे अनवाणी तळवा आणि घुंगरू. सोळा मात्रांच्या तीनतालात तत्कार करायचा, लय दुप्पट-चौपट करायची आणि तरीही नेमकं समेवर यायचं. हे सगळं पिढ्यान् पिढ्या तोंडी शिकवलं जायचं. गुरू बोल म्हणणार, शिष्य ते पाठ करणार. त्यामुळे गुरू गेले की त्यांच्या अनेक बंदिशीही त्यांच्यासोबत जायच्या.

रोहिणीताईंनी नेमकं इथे काम केलं. कथकमागचं शास्त्र त्यांनी मराठीत आणलं. 'अभिनयदर्पण' या जुन्या संस्कृत ग्रंथावर त्यांनी 'कथक दर्पण दीपिका' लिहिलं. 'माझी नृत्यसाधना' हे आत्मचरित्र लिहिलं. इसाडोरा डंकन या अमेरिकन नर्तिकेचं आत्मचरित्रही 'मी इसाडोरा' या नावानं मराठीत आणलं. खैरागढच्या विद्यापीठासाठी कथकचा अभ्यासक्रम ठरवण्यात त्यांचा वाटा होता. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रातही त्यांनी शिकवलं. जी विद्या गुरूच्या घरी बसून मिळायची, ती आता वर्गातही मिळू लागली.

म्हणून त्या फक्त जुनं जपत बसल्या, असं मात्र नाही. स्वतः संगीत शिकलेल्या असल्यामुळे त्यांनी अनेक नव्या रचना बांधल्या आणि कालिदासाचं काव्यही कथकमध्ये आणलं. १९७९ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

१० ऑक्टोबर २००८ रोजी त्यांचं निधन झालं. पण त्यांच्या शिष्या पुढे स्वतः गुरू झाल्या. त्यांच्या सूनबाई आणि शिष्या शमा भाटे यांची 'नादरूप' ही संस्था पुण्यातलीच. ज्या शहरात एकेकाळी विद्यार्थिनी मिळणं कठीण होतं, तिथे आता कथक शिकवणाऱ्यांच्याच पिढ्या तयार झाल्या आहेत.