चाँदबीबी : नाव पोराचे, कारभार तिचा

गडचांदूरहून जिवतीला येताना डोंगरात माणिकगड लागतो. अबुल फझलच्या आईन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्यात माणिकदुर्ग नावाचे सरकार, म्हणजे आजच्या भाषेत जिल्हा, नोंदलेले आहे. ते हेच ठिकाण मानतात. हा वऱ्हाड सुभा मोगलांना मिळाला तो 1596 च्या तहाने, आणि तो तह केला एका बाईने. ती अहमदनगरची चाँदबीबी. आपल्या शाळेच्या पुस्तकात तिला जेमतेम दोन ओळी मिळतात, म्हणून आज तिच्याविषयी थोडं लिहितो.

चाँदबीबी ही हुसेन निजामशहाची लेक. तिची आई खुंजा हुमायूं हिनेही मुलाच्या लहानपणी राज्य चालवलं होतं. चाँदबीबीचं लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी झालं. 1580 मध्ये त्याचा खून झाला. गादीवर नऊ-दहा वर्षांचा पुतण्या इब्राहिम बसला आणि कारभार चाँदबीबीकडे आला. किश्वरखान नावाच्या सरदाराने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं. तो पळाला, आणि ती परत विजापुरात आली.

पुढे ती माहेरी अहमदनगरला आली. 1595 च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद फौज घेऊन चालून आला. सुरुंगाने तटाला खिंडार पडलं, तेव्हा बुरखा घालून, हातात तलवार घेऊन ती स्वतः तिथे उभी राहिली. रातोरात भिंत बांधून काढली. शेवटी वऱ्हाड देऊन तिने अहमदनगर राखलं आणि बहादूर या लहान वारसाची गादी वाचवली.

1600 मध्ये मोगल पुन्हा आले. या वेळी किल्ला टिकणार नाही हे ओळखून ती बोलणी करायला निघाली. बाई फितूर झाली अशी हूल हमीदखानाने उठवली, आणि तिच्याच माणसांनी तिला ठार केलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत किल्ला पडला.

आज राज्यात पंचायतीच्या निम्म्या जागा बहिणींसाठी राखीव आहेत. पण गावोगाव काय दिसतं? खुर्ची बाईची आणि सही-शिक्क्यापुरतीच बाई. निर्णय नवरा नाहीतर दीर घेतो. चाँदबीबीचं उलट होतं. नाव पोराचं होतं, जबाबदारी तिने उचलली होती. आपल्या घरातली बहीण निवडून आली तर ग्रामसभेत तिलाच बोलू द्या. आणि तिने अवघड निर्णय घेतला, तर अफवेवर विश्वास ठेवण्याआधी तिला विचारा. अहमदनगरात तेवढंच कुणी केलं नव्हतं.