प्लेगशी झुंज देणारा शास्त्रज्ञ

मुलांनो, लोणावळ्याहून एक लोहमार्ग खंडाळ्यावरून बोरघाट उतरून मुंबईकडे जातो. दुसऱ्या दिशेला तोच मार्ग मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव ही मावळातील गावे ओलांडीत पुण्याला पोहोचतो. १८९६ साली या मार्गाच्या मुंबईकडील टोकाला प्लेगची साथ सुरू झाली. लोक घरेदारे सोडून, मिळेल त्या वाटेने शहराबाहेर पडू लागले. माणसांबरोबर रोगही प्रवासाला निघाला. लवकरच पुण्यातही साथ पसरली. १० मार्च १८९७ रोजी, रुग्णांची सेवा करताना प्लेग होऊन सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले.

प्लेग झाला की अंगात जोराचा ताप भरे. काखेत किंवा जांघेत मोठी गाठ येई. बरेच रोगी थोड्याच दिवसांत दगावत. हा रोग एका सूक्ष्म जंतूमुळे होतो. येर्सिन या शास्त्रज्ञाने १८९४ साली हाँगकाँगमध्ये तो जंतू शोधला होता. पण जंतू सापडला म्हणजे रोग हटला असे नव्हे. त्यावर उपाय कोण शोधणार? हे अवघड काम वाल्डेमार हाफकिन यांच्यावर सोपवण्यात आले.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओदेसा शहरात एका यहुदी कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियाच्या साम्राज्यात होते. आज ते युक्रेनमध्ये आहे. तेथील विद्यापीठात मेचनिकॉफ या नामवंत शास्त्रज्ञाचे ते विद्यार्थी होते. पुढे ते पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत गेले. तेथे आरंभी त्यांना ग्रंथालयातील काम मिळाले. ते काम सांभाळून ते प्रयोगशाळेत जंतूंचा अभ्यास करीत. १८९२ साली त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. १८९३ साली ते भारतात आले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो लोकांना ही लस टोचली.

ऑक्टोबर १८९६ मध्ये हाफकिन मुंबईला आले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना एक खोली, एक पडवी, एक कारकून आणि तीन शिपाई एवढेच मिळाले. तेवढ्यावर त्यांनी रात्रंदिवस काम चालवले. मांसाच्या रश्श्यात तुपाचे थेंब सोडून ते प्लेगचे जंतू वाढवीत. तुपाच्या थेंबांखाली जंतूंच्या बारीक तारा लोंबू लागत. मग तो रस्सा तापवून ते जंतू मारून टाकीत. मेलेले जंतू शरीरात गेले तर रोग होत नाही. मात्र शरीर त्या रोगाशी लढायला शिकते. लस म्हणजे जणू शरीराला दिलेला धडाच.

तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःला टोचली. त्यांना ताप आला, अंग दुखले, पण ते बरे झाले. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील अनेक कैदी स्वखुशीने पुढे आले. लस घेतलेल्यांमध्ये प्लेग कमी झाल्याचे दिसून आले.

तरीही लोक सुईला घाबरत. नाना अफवा उठत. अशा वेळी तरुण आगाखान सुलतान मुहम्मद शाह यांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली. प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपला बंगलाही दिला. त्यांचे पाहून खोजा समाजातील हजारो लोक पुढे आले. १८९९ साली परळच्या जुन्या राजभवनात मोठी प्रयोगशाळा सुरू झाली.

पण पुढे हाफकिन यांच्यावर मोठे संकट आले. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावात लस घेतलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. सारा दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला. त्यांना पदावरून दूर केले गेले. वास्तविक त्या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली होती. त्या दिवशी दुसऱ्या बाटल्यांतील लस घेतलेल्या कोणालाही धनुर्वात झाला नाही. ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू तर मातीतच असतात! हाफकिन पुराव्यानिशी आपली बाजू मांडत राहिले. १९०७ साली रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी वृत्तपत्रातून उघडपणे त्यांची बाजू घेतली. अखेर त्यांच्यावरील डाग पुसला गेला. ते पुन्हा भारतात आले आणि कलकत्त्याला काम करू लागले.

१९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

परक्या देशातून आलेल्या या माणसाने आपल्या लोकांसाठी स्वतःचा जीव पणाला लावला. एका चिमट्याला लागलेल्या मातीने १९ जीव गेले आणि एका थोर शास्त्रज्ञाला पाच वर्षे कलंक सोसावा लागला. म्हणून जंतूंशी लढताना धैर्य हवे, तशीच स्वच्छताही हवी.

स्वाध्याय
१. हाफकिन यांनी प्लेगची लस कशी तयार केली?
२. लोकांची भीती घालवण्यासाठी आगाखान यांनी काय केले?
३. मुलकोवालच्या घटनेत दोष प्रयोगशाळेचा नव्हता, हे कशावरून समजते?