राणीच्या पुतळ्याचं डांबर काढणारे प्रोफेसर गज्जर रंगाऱ्यांना पक्का रंग शिकवायचे

साल १८९६. मुंबईच्या एस्प्लनेड रोडवर राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा होता. बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी तो शहराला भेट दिलेला. एका रात्री कुणीतरी राणीच्या तोंडाला डांबर फासलं आणि शहरात एकच खळबळ उडाली.

हे काम चापेकर बंधूंचं होतं, हे पुढे रँडच्या खुनानंतर उघड झालं. पण सरकारपुढे आधी वेगळाच प्रश्न होता. डांबर काढायचं कसं? संगमरवर घासला तर राणीचं नाक-तोंड झिजणार. ॲसिड लावलं तर दगडच विरघळणार. शेवटी ज्यांना हे जमलं, ते होते केमिस्ट्रीचे प्रोफेसर त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर.

गज्जर यांचं नाव या पुतळ्यामुळे गाजलं. त्यांचं खरं काम मात्र डाग काढण्याचं नव्हतं, तर कापडावर रंग टिकवण्याचं होतं.

१८६३ साली सुरतेत एका सुतार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते शिकले आणि बडोदा कॉलेजात शिकवू लागले. तो काळ रंगाऱ्यांसाठी वाईट होता.

आपल्याकडे लाल रंग आलीच्या मुळांपासून निघायचा आणि निळा निळीच्या झाडापासून. हिरडा, तुरटी, तेल यांचे हात देत, धूत, वाळवत एक कापड रंगवायला कित्येक दिवस जायचे. पण तो रंग पक्का असायचा. १८५६ मध्ये इंग्लंडच्या विल्यम पर्किनने डांबरातून मिळणाऱ्या रसायनांपासून जांभळा रंग बनवला. १८६८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी अलिझरिन हा लाल रंग प्रयोगशाळेत तयार केला. थोड्याच वर्षांत या रंगांचे डबे आपल्या बाजारात आले.

भाव कमी, रंग भडक, काम झटपट. अडचण अशी होती की प्रत्येक पावडरीची तऱ्हा वेगळी. जो रंग रेशमावर सहज बसतो, तो सुतावर हिरड्यासारखं तुरट द्रव्य आधी दिल्याशिवाय धरतच नाही. पिढ्यानपिढ्यांचा हात असलेल्या रंगाऱ्यालाही हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या धुण्यात रंग गेला की बदनामी त्याची व्हायची.

गज्जर यांनी नेमकं हेच हाती घेतलं. सयाजीराव गायकवाडांच्या पाठिंब्याने १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन सुरू झालं आणि गज्जर त्याचे पहिले प्राचार्य झाले. दादासाहेब फाळके शिकले ते हेच कलाभवन. तिथे रंगाईचा स्वतंत्र विभाग होता. शिकवायला जर्मनीहून तज्ज्ञ आणले गेले. पण कारागिराला त्याच्याच भाषेत शिकवायचं, हा गज्जर यांचा आग्रह होता. रंगाच्या शास्त्रावर त्यांनी 'रंगरहस्य' नावाचं त्रैमासिकही काढलं.

फ्रान्समध्ये असंच काम आधी झालं होतं. पॅरिसच्या गोबेलिन्स या राजेशाही गालिचा-पडद्यांच्या कारखान्यात १८२४ पासून रंगाईचे प्रमुख होते केमिस्ट मिशेल शेव्रल. फरक इतकाच की शेव्रल यांच्यामागे राजाचा कारखाना होता, तर गज्जर यांच्यापुढे गल्लीबोळातले रंगारी होते.

१८९६ मध्ये बडोदा सोडून गज्जर मुंबईला विल्सन कॉलेजात आले. पुढे त्यांनी स्वतःची टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी काढली. त्यांच्या तालमीत तयार झालेल्या कोटिभास्कर आणि अमीन यांनी १९०७ मध्ये अलेम्बिक कंपनी उभी केली.

पण एक गोष्ट अडूनच राहिली. गज्जर यांनी रंग वापरायला शिकवलं, तरी रंगाचा डबा जर्मनीहूनच यायचा. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं आणि जर्मन माल बंद झाला. रंगांचे भाव कडाडले. ज्ञान इथे होतं, कच्चा माल नव्हता. १९२० मध्ये गज्जर गेले, तेव्हाही हीच परिस्थिती होती.

ती बदलायला आणखी बरीच वर्षं लागली. १९६० मध्ये केंद्र सरकारने हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्स ही कंपनी काढली. जागा निवडली खालापूर तालुक्यात, पाताळगंगेच्या काठी. खोपोलीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी याच नदीत येतं, त्यामुळे ती बारमाही वाहते. जुन्या मुंबई-पुणे हायवेवर दांड फाट्यावरून आत गेलं की ही वसाहत लागते. तिचं नावच पडलं रसायनी. इथे नायट्रोबेन्झिन आणि ॲनिलिन बनू लागलं. ॲनिलिन म्हणजे असंख्य कृत्रिम रंगांचा पाया. गज्जर यांच्या काळात जे जहाजाने यायचं, ते आता कर्जत-खोपोलीच्या शेजारी तयार होत होतं.

२०१७ मध्ये केंद्राने रसायनीचा हा कारखाना बंद करायला मंजुरी दिली. रॉकेटला लागणारं रसायन बनवणारा प्लांट तेवढा इस्रोकडे गेला. व्हिक्टोरियाचा पुतळाही रस्त्यावरून हलला आणि आज भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. गज्जर यांच्या कलाभवनात मात्र आजही वर्ग भरतात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची इंजिनिअरिंग फॅकल्टी म्हणजे तेच जुनं कलाभवन.