हँक विल्यम्स : २९ वर्षांचे आयुष्य आणि न फिटलेले ऋण

अमेरिकेच्या 'कंट्री' संगीताचा इतिहास हँक विल्यम्स यांच्या नावाशिवाय पूर्ण होत नाही. या गायक-गीतकाराला अवघे २९ वर्षांचे आयुष्य लाभले. ध्वनिमुद्रणाची त्यांची कारकीर्द तर जेमतेम सहा वर्षांची होती. तरीही त्या अल्पकाळात त्यांनी लिहिलेल्या गीतांनी कंट्री संगीताची भाषा, चाल आणि भाव यांना कायमचे वळण दिले. संगीताचे रीतसर शिक्षण त्यांनी कधी घेतले नाही. जे काही शिकले, ते एका गरीब कृष्णवर्णीय वादकाकडून, गावाच्या रस्त्यावर उभे राहून. वंशभेदाच्या भिंती कायद्याने उभ्या केलेल्या त्या काळात घडलेली ही गुरुशिष्याची कथा विल्यम्स यांच्या जीवनाचा गाभा आहे.

आगगाडीच्या रुळांकाठचे बालपण

हँक विल्यम्स यांचा जन्म १७ सप्टेंबर १९२३ रोजी अलाबामा राज्यातील माउंट ऑलिव्ह या खेड्यात झाला. त्यांचे मूळ नाव हायरम. हँक हे नाव त्यांनी पुढे स्वतः घेतले. वडील लॉन विल्यम्स लाकूड कंपनीच्या रेल्वेवर काम करीत. पहिल्या महायुद्धात ते सैनिक होते. १९३० मध्ये आजारपणामुळे त्यांना माजी सैनिकांच्या रुग्णालयात दाखल करण्यात आले आणि पुढील अनेक वर्षे ते तेथेच राहिले. सात वर्षांच्या हँक यांचे पितृछत्र वडील हयात असतानाच हरपले.

घराची सारी जबाबदारी आई लिली यांच्यावर आली. धिप्पाड बांध्याच्या आणि करारी स्वभावाच्या या बाईंनी खोल्या भाड्याने देऊन, भाडेकरूंना जेवू घालून दोन मुलांना वाढवले. त्या बाप्टिस्ट पंथाच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. त्यांच्या शेजारी बसलेल्या लहानग्या हँक यांच्या कानावर पडलेली भक्तिगीते हा त्यांच्या संगीताचा पहिला संस्कार ठरला.

हँक यांच्या पाठीच्या कण्यात जन्मजात दोष होता. त्यामुळे कष्टाची कामे किंवा मैदानी खेळ त्यांना झेपत नसत. ही वेदना आयुष्यभर त्यांच्या सोबतीला राहिली आणि पुढे त्यांच्या सर्वनाशाचे एक कारणही ठरली.

रस्त्यावरचा गुरू

जॉर्जियाना आणि ग्रीनव्हिल या गावांत रुफस पेन नावाचे एक कृष्णवर्णीय वादक रस्त्यावर गिटार वाजवून पैसे मिळवीत. लोक त्यांना 'टी-टॉट' या टोपणनावाने ओळखत. १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात कधीतरी हँक त्यांच्या मागे मागे हिंडू लागले. गिटारवर हात कसा चालवावा, ताल कसा धरावा, रस्त्यावरून घाईने चाललेल्या माणसाला गाण्याने कसे थांबवावे, हे सारे त्यांनी पेन यांच्याकडून घेतले. या शिकवणीच्या मोबदल्यात लिली पेन यांना जेवू घालीत, असे सांगितले जाते.

त्या काळातील अलाबामात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. संगीताच्या बाजारातही तीच विभागणी होती. ध्वनिमुद्रिका कंपन्या कृष्णवर्णीय कलावंतांच्या तबकड्या एका नावाखाली विकत आणि दक्षिणेतील गोऱ्या ग्रामीण गायकांच्या दुसऱ्या. प्रत्यक्षात हे दोन प्रवाह कधीच वेगळे नव्हते. कंट्री संगीतातील बँजो या वाद्याचे मूळ आफ्रिकेतले, तर फिडल युरोपातून आलेले. कंट्रीचे आद्य गायक मानले जाणारे जिमी रॉजर्स यांच्या गाण्यांचा साचाही कृष्णवर्णीयांच्या 'ब्लूज' संगीताचाच होता. हँक यांच्या बाबतीत हा संगम प्रत्यक्ष एका माणसाच्या रूपाने घडला. त्यांच्या पुढील गाण्यांतला जड, डोलणारा ठेका आणि दुःख सांगतानाही न सुटणारी मिस्कील छटा ही पेन यांची देणगी मानली जाते.

१९३७ मध्ये विल्यम्स कुटुंब माँटगोमेरी या शहरात राहावयास गेले. दोनच वर्षांनी, १९३९ मध्ये, पेन यांचे त्याच शहरात निधन झाले. लिंकन दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. परंतु कबरीवर नाव नसल्याने नेमकी जागा कोणती, याचा पुढे पत्ता लागला नाही. शिष्याची कीर्ती पाहणे गुरूच्या नशिबी नव्हते.

रेडिओ आणि मद्य

माँटगोमेरीत हँक यांनी स्थानिक गायन स्पर्धा जिंकली आणि डब्ल्यूएसएफए या नभोवाणी केंद्रावर ते गाऊ लागले. 'ड्रिफ्टिंग काउबॉईज' हा वाद्यवृंदही याच काळात उभा राहिला. आई लिली कार्यक्रम ठरवीत, गाडी चालवीत आणि दारावर उभे राहून पैसेही गोळा करीत. कार्यक्रम होत ते बहुधा गावोगावच्या मद्यगृहांत. तेथे लागलेले मद्याचे व्यसन हँक यांना पुन्हा कधी सोडून गेले नाही. १९४२ मध्ये या व्यसनापायीच नभोवाणी केंद्राने त्यांना काढून टाकले. पाठीच्या दुखण्यामुळे सैन्यात प्रवेश मिळाला नाही. तेव्हा युद्धकाळात त्यांनी मोबाईल या बंदरातील जहाजबांधणी कारखान्यात काम केले. डिसेंबर १९४४ मध्ये ऑड्री शेपर्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला. प्रेम आणि कलह यांनी भरलेले हे सहजीवन त्यांच्या अनेक गीतांचे उगमस्थान ठरले.

१९४६ मध्ये विल्यम्स दांपत्य नॅशव्हिल येथे फ्रेड रोज यांना भेटले. गीतकार असलेल्या रोज यांनी गायक रॉय एकफ यांच्यासह १९४२ मध्ये संगीत प्रकाशनसंस्था स्थापन केली होती. हँक यांच्या कच्च्या गीतांतील सामर्थ्य त्यांनी ओळखले. एखादी ओळ सुधारणे, शब्द आटोपशीर करणे, कोणते गाणे केव्हा ध्वनिमुद्रित करायचे हे ठरवणे, ही कामे रोज यांनी अखेरपर्यंत केली. स्वतः एकेकाळी मद्याच्या आहारी जाऊन सावरलेल्या रोज यांनी हँक यांनाही सावरण्याचे अनेक प्रयत्न केले. त्यांत मात्र त्यांना यश आले नाही.

एका गाण्याने पालटलेले नशीब

१९४८ मध्ये हँक लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट येथून प्रसारित होणाऱ्या 'लुइझियाना हेराइड' या कार्यक्रमात दाखल झाले. तेथे त्यांनी 'लव्हसिक ब्लूज' हे १९२२ मधील एक विस्मृतीत गेलेले गीत गाण्यास सुरुवात केली. आवाज एकाएकी वरच्या पट्टीत उडवून पुन्हा खाली आणण्याच्या त्यांच्या लकबीने श्रोते वेडावून जात. रोज यांना हे गाणे मुळीच पसंत नव्हते. हँक यांनी हट्टाने ते डिसेंबर १९४८ मध्ये ध्वनिमुद्रित केले. १९४९ मध्ये हे गाणे 'बिलबोर्ड' नियतकालिकाच्या यादीत तब्बल १६ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

११ जून १९४९ रोजी नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या कार्यक्रमाच्या रंगमंचावर त्यांनी प्रथम पाऊल ठेवले. १९२५ पासून डब्ल्यूएसएम नभोवाणी केंद्रावरून दर आठवड्याला प्रसारित होणारा हा कार्यक्रम म्हणजे कंट्री गायकाच्या कारकिर्दीचे शिखर मानले जाई. श्रोत्यांनी हँक यांना पुन्हा पुन्हा गावयास लावले. याच कार्यक्रमाच्या प्रारंभीच्या वर्षांत डीफोर्ड बेली हे कृष्णवर्णीय माउथ ऑर्गन वादक अतिशय लोकप्रिय होते आणि १९४१ मध्ये त्यांना तेथून दूर करण्यात आले होते. हँक आले तेव्हा त्या रंगमंचावर कृष्णवर्णीय कलावंत उरला नव्हता. पेन यांची गिटार मात्र शिष्याच्या हातांतून तेथे पोहोचली.

पुढील तीन वर्षांत हँक यांच्या लेखणीतून एकाहून एक सरस गीते उतरली. शब्द साधे, रोजच्या बोलण्यातले. त्यांत अलंकार नाहीत की गुंतागुंत नाही. शेतमजुरालाही समजावे आणि त्याला स्वतःचेच दुःख वाटावे, अशी त्यांची रचना असे. १९५१ मध्ये टोनी बेनेट या लोकप्रिय शहरी गायकाने त्यांचे 'कोल्ड कोल्ड हार्ट' गायले आणि ते सर्वसाधारण लोकप्रिय गीतांच्या यादीतही पहिल्या स्थानी पोहोचले. ग्रामीण म्हणून हिणवल्या गेलेल्या गीतप्रकाराला शहरांची दारे उघडली.

त्याच वर्षी एका पीठ उत्पादक कंपनीच्या प्रायोजकत्वाखाली ते डब्ल्यूएसएमवरून १५ मिनिटांचा सकाळचा कार्यक्रम सादर करीत. दौऱ्यावर असताना वाजवण्यासाठी त्यांतील अनेक भाग तबकड्यांवर नोंदवून ठेवले जात. पुढे कचऱ्यात जाता जाता वाचलेल्या या तबकड्या २००८ पासून प्रसिद्ध होऊ लागल्या.

उतरण

यशाबरोबर ऱ्हासही वेगाने आला. डिसेंबर १९५१ मध्ये झालेल्या पाठीच्या शस्त्रक्रियेने वेदना कमी झाल्या नाहीत. मद्याच्या जोडीला वेदनाशामक औषधे आली. १९५२ च्या उन्हाळ्यात ऑड्री यांच्याशी घटस्फोट झाला. कार्यक्रम चुकवणे आणि नशेत रंगमंचावर येणे वाढत गेल्याने ऑगस्ट १९५२ मध्ये ऑप्रीने त्यांना काढून टाकले. ते श्रीव्हपोर्टला परतले. ऑक्टोबरमध्ये त्यांनी बिली जीन जोन्स यांच्याशी दुसरा विवाह केला. न्यू ऑर्लिन्सच्या सभागृहात या विवाहाचा सोहळा तिकिटे विकून दोनदा पार पाडण्यात आला. वैद्यकीय पात्रतेचा खोटा दावा करणाऱ्या एका इसमाने याच काळात त्यांना तीव्र गुंगीची औषधे पुरवली.

अशा अवस्थेतही २३ सप्टेंबर १९५२ रोजी नॅशव्हिल येथे झालेल्या त्यांच्या अखेरच्या ध्वनिमुद्रणात 'युअर चीटिंग हार्ट' आणि 'कॉ-लायजा' ही गीते साकारली. दोन्ही गीते त्यांच्या मृत्यूनंतर पहिल्या क्रमांकावर पोहोचली.

३१ डिसेंबर १९५२ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील चार्ल्सटन येथील कार्यक्रम खराब हवामानामुळे रद्द झाला. दुसऱ्या दिवशी ओहायो राज्यातील कँटन येथे त्यांना गायचे होते. कॉलेजात शिकणारा एक तरुण त्यांची कॅडिलॅक मोटार चालवीत होता आणि हँक मागच्या आसनावर पांघरूण घेऊन पडले होते. १ जानेवारी १९५३ च्या पहाटे वेस्ट व्हर्जिनियातील ओक हिल येथे ते मृत झाल्याचे लक्षात आले. हृदयक्रिया बंद पडून मृत्यू झाल्याचा निष्कर्ष निघाला. कँटनच्या सभागृहात ही वार्ता सांगण्यात आली, तेव्हा काही श्रोत्यांना ती गैरहजेरीची नवी सबब वाटली. पुढच्याच क्षणी कलावंतांनी हँक यांचे 'आय सॉ द लाइट' हे भक्तिगीत सुरू केले आणि सभागृह त्यात सामील झाले.

सज्जातील श्रोते

४ जानेवारी १९५३ रोजी माँटगोमेरीच्या नगर सभागृहात अंत्यविधी झाला. जमलेल्यांची संख्या १५ ते २५ हजारांच्या दरम्यान असावी, असे अंदाज आहेत. रॉय एकफ, अर्नेस्ट टब यांसारख्या नामवंतांबरोबरच कृष्णवर्णीय गायकांच्या एका चमूनेही भक्तिगीत गायले. शोकाकुल कृष्णवर्णीय श्रोत्यांची बसण्याची सोय मात्र वेगळ्या सज्जात होती. ज्या संगीताने दोन समाजांना जोडले होते, त्याच्या निरोपाच्या वेळीही ती भिंत कायम होती.

१९६१ मध्ये कंट्री संगीताच्या मानवंदना दालनात प्रवेश मिळालेल्या पहिल्या तिघांत जिमी रॉजर्स आणि फ्रेड रोज यांच्यासह हँक विल्यम्स यांचा समावेश झाला. २०१० मध्ये त्यांना मरणोत्तर पुलित्झर विशेष सन्मान देण्यात आला. पुत्र हँक विल्यम्स ज्युनियर स्वतः मोठे गायक झाले. मृत्यूनंतर अवघ्या पाच दिवसांनी जन्मलेल्या जेट विल्यम्स या कन्येला १९८० च्या दशकात न्यायालयीन लढ्यानंतर वारसाहक्क मिळाला.

रुफस पेन यांचा वारसा कोणत्याही न्यायालयासमोर आला नाही. हँक यांनी मात्र तो कधी लपवला नव्हता. आपले सारे संगीतशिक्षण पेन यांच्याकडूनच झाले, असे ते उघडपणे सांगत. पुढे लिंकन दफनभूमीत पेन यांच्या स्मरणार्थ शिला उभारण्यात आली. १९६२ मध्ये रे चार्ल्स या कृष्णवर्णीय गायकाने कंट्री गीतांचा संग्रह काढला, तेव्हा त्यात हँक यांची गीते होती. १९८० मध्ये मिसिसिपीच्या कापूस शेतांतून आलेले कृष्णवर्णीय गायक चार्ली प्राइड यांनी हँक यांची दोन गीते कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर नेली. ग्रीनव्हिलच्या रस्त्यावर एका भुकेल्या वादकाने जेवणाच्या बदल्यात दिलेले ते संगीत अर्ध्या शतकाच्या प्रवासानंतर त्याच्या लोकांकडे परतले.