छोटं चित्र, स्पष्ट अर्थ : ओटो नॉयराट

मोबाइलमधलं टीव्ही रिमोटचं ॲप उघडा. एकही शब्द न वाचता आवाज कुठे वाढवायचा ते कळतं ना? एवढ्याशा चित्राने लगेच बोलावं, यासाठी आयुष्यभर धडपडलेला माणूस म्हणजे ओटो नॉयराट.

त्यांचा जन्म १८८२ चा, व्हिएन्नातला. विषय अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान. १९२५ मध्ये त्यांनी तिथे एक संग्रहालय सुरू केलं. घरं, आजार, बेकारी यांचे आकडे साध्या कामगारालाही समजावेत, म्हणून सगळं चित्रांत! मारी रायडेमायस्टर आकड्यांचा चित्ररूप आराखडा बनवायच्या आणि गेर्ड आर्न्ट्झ लिनोलियमवर चिन्हं कोरायचे. नाक-डोळे, सावल्या गाळून फक्त ठळक आकार ठेवायचा. संख्या वाढली, तर चित्र मोठं न करता तेच पुन्हा छापायचं.

१९३४ मध्ये ऑस्ट्रियात समाजवाद्यांवर दडपशाही झाली, तेव्हा नॉयराट हेगला गेले. तिथे या पद्धतीला ‘आयसोटाइप’ हे नाव मिळालं. १९४० मध्ये जर्मन फौजा तिथेही पोहोचल्या. ते आणि मारी गच्च भरलेल्या बोटीतून इंग्लंडला निसटले. तिथे शत्रुदेशाचे नागरिक म्हणून काही महिने स्थानबद्धता. सुटल्यावर दोघांनी लग्न केलं आणि ऑक्सफर्डमध्ये काम नव्याने उभारलं. १९४५ मध्ये नॉयराट गेले. मारींनी काम पुढे नेलं.

तुम्ही आयकॉन बनवताय? मग तो फोनवर खऱ्या आकारात बघा. जी रेघ पुसली तरी अर्थ कळतो, ती पुसून टाका.